अमूर्त चित्रे आणि त्यांचे कच्चे खर्डे

आपल्या सभागृहाच्या पूर्वेकडील भिंतीवर, संस्थापकांच्या तसबिरींपासून थोडेसे बाजूला, गेल्या दिवाळीपर्यंत एक चित्र टांगलेले होते. ते ज्याने पाहिले नाही असा सभासद विरळा, आणि पाहून काही बोलला नाही असा तर नाहीच. वरचा सारा भाग राखी. मधून तीन काळसर आडवे पट्टे, त्यांतला खालचा एका टोकाला तुटलेला. आणि उजव्या अंगाला, जवळजवळ चौकटीला टेकलेला, एक शेंदरी ठिपका. याखेरीज चित्रात काही नाही. संस्थेचे एक जुने सभासद, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गुरुजी, यांनी ते काढले, आणि त्यांच्या पश्चात घरच्यांनी ते संस्थेस अर्पण केले.

देणगी नाकारणे बरे दिसत नाही म्हणून चित्र भिंतीवर चढले खरे, परंतु कुरकुर काही थांबली नाही. "उलटे टांगले असते तरी कोणाला कळले असते?" असे एक आजोबा दर कोजागरीला न चुकता विचारतात. "आमचा नातू असली चित्रे दिवसाला दोन काढतो," हेही कानावर येते. दिवाळीपूर्वी सभागृहास रंग लागला तेव्हा चित्र उतरविले गेले, आणि ते पुन्हा लावावे की कपाटात ठेवावे यावर कार्यकारी मंडळात पाऊण तास खल झाला. निर्णय लागला नाही. चित्र सध्या कचेरीत, हिशेबाच्या कपाटाला टेकून, भिंतीकडे तोंड करून उभे आहे.

त्याच सुमारास गुरुजींच्या सूनबाईंनी रद्दीत जाता जाता राहिलेल्या दोन वह्या आमच्या हाती आणून दिल्या. त्या वह्यांकडे आम्ही शेवटी वळणारच आहोत. परंतु स्मरणिका समितीने "त्या चित्राविषयी आम्हांला समजेल असे काहीतरी लिहा" अशी गळ घातल्यावर आमच्या असे ध्यानात आले की, एका चित्राविषयी बोलण्याआधी त्या जातीच्या चित्रांविषयी, आणि विशेषतः ती चित्रे होण्यापूर्वी जे कागद खर्ची पडतात त्यांविषयी, थोडे बोलल्यावाचून भागणार नाही.

ज्या चित्रात माणूस, झाड, घर, देव असे ओळखता येण्याजोगे काही नसते, केवळ रंग, रेषा व आकार यांचाच मेळ असतो, त्यास अमूर्त चित्र म्हणतात. हा प्रकार आपणांस वाटतो तितका परका नाही. दारातील ठिपक्यांच्या रांगोळीपुढे उभे राहून "हे कशाचे चित्र?" असे आपण विचारीत नाही. आजीच्या गोधडीस किंवा लुगड्याच्या काठासही विचारीत नाही. तीच गोष्ट चौकटीत बसवून भिंतीवर लावली की मात्र आपण तिच्याकडे अर्थ मागू लागतो. रांगोळीचेच उदाहरण आणखी थोडे पुढे नेता येईल. रांगोळी पुरी झाली की ठिपके रेघांखाली आणि रंगांखाली नाहीसे होतात. पण एक ठिपका चुकला असता तर काय झाले असते, हे जिने ती घातली तिलाच ठाऊक असते. चित्रकाराची कच्ची रेखाटने म्हणजे हे ठिपके. फरक एवढाच की, रांगोळी घालणारीस शेवट आधी ठाऊक असतो. चित्रकार बहुधा तो शोधत असतो.

आमच्या वाचकांत हिशेबनीस पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दुसऱ्या शब्दांत सांगतो. पुरे झालेले चित्र हा छापलेला ताळेबंद. तो बरोबर असेल, सुबकही असेल, पण व्यवहार कसे झाले हे पाहायचे तर कच्ची कीर्द आणि पावत्यांची फाइलच उघडावी लागते. अमूर्त चित्राच्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण तेथे ताळेबंदावर रकमांपुढे नावेच लिहिलेली नसतात.

आता खरी उदाहरणे घेऊ. वासिली कांडिन्स्की हा मूळचा मॉस्कोचा. जन्म १८६६ चा. कायद्याचा अभ्यास केलेला, विद्यापीठात प्राध्यापकी चालून आलेली, अशा स्थितीत तिसाव्या वर्षी सारे सोडून तो चित्रकला शिकण्यासाठी जर्मनीत म्युनिक शहरी आला. आपल्या आठवणींत त्याने एक प्रसंग सांगितला आहे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात तो घरी आला, तर भिंतीशी एक विलक्षण सुंदर चित्र उभे दिसले, ज्यात वस्तू अशी एकही ओळखता येईना. जवळ जाऊन पाहतो तो ते त्याचेच चित्र, कोणीतरी आडवे करून ठेवलेले. दुसऱ्या दिवशी उजेडात तोच आनंद मिळविण्याचा त्याने प्रयत्न केला, पण वस्तू ओळखू येऊ लागल्या आणि मौज गेली. आपल्या चित्रांना वस्तूच मारक होत आहेत, असे त्याने त्यावरून ठरविले.

एवढी कथा ऐकून कोणी म्हणेल की, मग काय, वस्तू काढून टाकल्या आणि फासला रंग. कांडिन्स्कीच्या मोठ्या चित्रांविषयी हा समज फार प्रचलित आहे. चित्रे पाहून तसा होतोही. त्याचे 'कॉम्पोझिशन ७' हे १९१३ चे चित्र मॉस्कोच्या ट्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे. सुमारे दोन मीटर उंच व तीन मीटर रुंद अशा त्या कापडावर रंगांचे असे काही वादळ आहे की पाहणारा प्रथम गांगरतोच. त्यात भर ही की, हे प्रचंड चित्र त्याने चार दिवसांत, २५ ते २८ नोव्हेंबर १९१३ या काळात, रंगविले. चार दिवसांत एवढे चित्र म्हणजे तंद्रीत येऊन हात फिरविला असेच कोणासही वाटावे.

परंतु त्या चार दिवसांच्या मागे तीसहून अधिक कच्ची चित्रे आहेत. पेन्सिलीची आहेत, शाईची आहेत, जलरंगातील आहेत, तैलरंगातीलही आहेत. काही तर अशी की, संपूर्ण चित्राशी त्यांचा संबंधच नाही. एखाद्या वळणदार रेषेचे वळण कसे असावे एवढ्यासाठीच एक कागद खर्ची घातलेला. दुसऱ्यांत रंग अजिबात नाही, केवळ वजन कोणत्या बाजूस पडते त्याच्या खुणा. मध्यभागाजवळचा एक लंबगोल गाभा आणि त्याला छेदून जाणारा गडद आकार ही जोडी मात्र पुन्हा पुन्हा येते. ती एकदा सापडल्यावर त्याने सोडलेली नाही, भोवतालचे सर्व मात्र बदलून पाहिले आहे. त्याच्या सहचारिणी गाब्रिएल म्युंटर या स्वतः उत्तम चित्रकार. त्यांनी त्या चार दिवसांत कापडावर काम कसे वाढत गेले त्याची छायाचित्रे टप्प्याटप्प्याने घेऊन ठेवली. ती छायाचित्रे आणि आधीची रेखाटने शेजारी ठेवून पाहिली म्हणजे त्या घाईचा उलगडा होतो. चार दिवसांत केला तो विचार नव्हे. विचार आधीच झालेला होता, चार दिवसांत तो मोठ्या कापडावर उतरला.

यात आम्हांस विशेष वाटते ते हे की, त्याने ही पद्धत आधीच शब्दांत मांडून ठेवली होती. कलेतील आत्मिक तत्त्वाविषयीचे त्याचे पुस्तक १९११ च्या अखेरीस निघाले. त्यात त्याने आपल्या चित्रांचे तीन वर्ग केले: बाहेरच्या दृश्याच्या ठशातून आलेली, मनात अकस्मात उमटलेली, आणि तिसरी, जी सावकाश, वारंवार तपासून, कच्च्या चित्रांवरून घडविली जातात ती. या तिसऱ्या वर्गालाच तो 'कॉम्पोझिशन' म्हणे. साऱ्या आयुष्यात अशी दहाच चित्रे त्याने केली.

कच्च्या चित्रांतून आणखी एक गोष्ट कळते. पुऱ्या झालेल्या चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात काही रेघा आहेत. नुसते पाहता त्या रेघाच. आधीच्या रेखाटनांचा व त्याच काळच्या इतर चित्रांचा माग काढीत अभ्यासक त्यांत एक नाव आणि तिची वल्ही ओळखतात; अन्यत्र महापूर, कयामतीचा दिवस, कर्णे फुंकणारे देवदूत या ख्रिस्ती विषयांच्या खुणा सापडतात. म्हणजे विषय होता. तो हळूहळू झाकत नेला आहे, आणि झाकला तरी पुसलेला नाही.

इथे एका सावधगिरीची आवश्यकता आहे. असे काही हाती लागले की आपणांस फार समाधान वाटते. "म्हणजे ही नावच आहे तर!" असे म्हणून आपण मोकळे होतो, जणू कोडे सुटले. आमच्या मते कच्च्या चित्रांचा हा सर्वांत कोता उपयोग होय. नावच दाखवायची असती तर कांडिन्स्कीला ती उत्तम काढता येत होती. खरा प्रश्न असा की, नाव जाऊन तिरक्या रेघा का राहिल्या, आणि त्या त्याच कोपऱ्यात का राहिल्या. रेखाटने याचे उत्तर सरळ देत नाहीत. पण कोणकोणत्या गोष्टी करून पाहिल्या आणि सोडून दिल्या हे तरी दाखवितात.

या कागदांचे पुढे काय झाले हेही सांगण्याजोगे आहे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. कांडिन्स्की रशियन प्रजाजन, म्हणजे जर्मनीत शत्रूपक्षाचा. त्यास घाईने देश सोडावा लागला; चित्रे, वह्या, कागद सारे म्युंटरबाईंजवळ राहिले. पुढे दोघांचे फाटले. त्याने मॉस्कोत दुसरीशी विवाह केला. काही चित्रे त्यास परत गेली, बरीच बाईंकडेच राहिली. कोणी रागाच्या भरात बंबात घातली असती तरी जगाने नवल केले नसते. मग हिटलरशाही आली. १९३७ साली 'भ्रष्ट कला' म्हणून या जातीच्या चित्रांची जाहीर विटंबना झाली, संग्रहालयांतून ती जप्त झाली. बाव्हेरियातील मुरनाऊ या गावी आपल्या घराच्या तळघरात बाईंनी तो ठेवा दडवून ठेवला, आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत तो कोणाच्या हाती लागू दिला नाही. १९५७ साली, वयाच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, त्यांनी स्वतःच्या व इतरांच्या चित्रांसह हा संग्रह म्युनिकच्या लेनबाखहाउस संग्रहालयास देऊन टाकला. एक हजाराहून अधिक कलाकृती. 'कॉम्पोझिशन ७' ची पुष्कळशी कच्ची चित्रे आज तेथे पाहावयास मिळतात ती या बाईंमुळे. मूळ चित्र मॉस्कोत, त्याचे खर्डे म्युनिकमध्ये. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत एक संसार मोडला आणि दोन महायुद्धे झाली.

कांडिन्स्कीची वाट घनदाट अरण्यातली. हॉलंडच्या चित्रकारांची बरीच मोकळी. थिओ व्हान डूसबर्ग याने १९१८ च्या सुमारास एक चित्र केले. ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्यात निरनिराळ्या रंगांचे सरळ कडांचे काही चौकोन, आणि नाव 'गाय'. नाव वाचून हसू येते. परंतु तिची पेन्सिल रेखाटने उपलब्ध आहेत. पहिल्यात सरळ सरळ गाय, चरणारी. मग तिचे अंग ठोकळ्यांचे होते; पाठ, पोट, मान यांच्या गोलाया जाऊन कोपरे येतात; मग कोपऱ्यांचेही चौकोन होतात; शेवटी चौकोन एकमेकांपासून सुटे होतात. हा क्रम व्हान डूसबर्गने स्वतः १९२५ साली एका पुस्तकात छापला, आरंभी गाईचे छायाचित्र देऊन. शाळेत शिकवायला याहून सोपे उदाहरण नाही, आणि म्हणूनच आम्हांला ते किंचित संशयास्पद वाटते. जिन्याच्या पायऱ्या इतक्या सारख्या असल्या की जिना आधी बांधला आणि मग त्यावरून चालून दाखविले, असे मनात येते. विचार करणारा माणूस इतका सरळ चालत नाही.

त्याच्याच गटातला, वयाने वडील असलेला पीट माँड्रिआन मात्र कसा चालला ते पाहावे. याचा जन्म १८७२ चा. तांबडा, निळा, पिवळा एवढेच रंग आणि काळ्या उभ्या-आडव्या रेघा, अशी त्याची उत्तरकाळातील चित्रे सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेली असतात. कापडांवर आणि पिशव्यांवरही ती छापली गेली आहेत. याने झाडे काढली. १९०८ ते १९१० च्या दरम्यानचे तांबड्या झाडाचे चित्र, १९११ चे करड्या झाडाचे, १९१२ चे फुललेल्या सफरचंदाच्या झाडाचे: तिन्ही आज हेग शहरी आहेत. पहिल्यात झाड झाडासारखेच, फक्त रंग भलता. दुसऱ्यात फांद्या आणि त्यांमधील आभाळ सारख्याच जोराने रंगविलेले. तिसऱ्यात फांद्यांच्या नुसत्या कमानी उरतात आणि खोड कोठे आहे ते शोधावे लागते.

पुस्तकांतून ही चित्रे एका ओळीत छापतात, त्यामुळे आगगाडी एका स्टेशनाहून दुसऱ्या स्टेशनास जावी तसे ते दिसते. ओळ लावणाऱ्यास शेवटचे स्टेशन ठाऊक असते. करडे झाड रंगविणाऱ्या माँड्रिआनला तांबडे, निळे, पिवळे चौकोन ठाऊक नव्हते. ही गोष्ट विसरून कच्ची चित्रे पाहिली तर ती आपणांस खोटेच सांगतील.

१९१४ च्या उन्हाळ्यात माँड्रिआन पॅरिसहून मायदेशी आला, वडील आजारी होते म्हणून. तेवढ्यात युद्ध सुरू झाले आणि परतीची वाट बंद झाली. डोंबुर्ग नावाच्या समुद्रकाठच्या गावी त्याने समुद्र आणि त्यात शिरलेला लाकडी धक्का यांची रेखाटने केली. कोळशाची ती रेखाटने पाहताना असे दिसते की, त्यास लाट नको आहे, लाटेची चकाकी नको आहे. उभे काय आणि आडवे काय एवढेच तो टिपतो आहे. समुद्र म्हणजे आखूड आडव्या रेघा. धक्का म्हणजे खालच्या बाजूस मध्यभागी गोळा झालेल्या उभ्या रेघा. दोन्ही जेथे भेटतात तेथे अधिकाची खूण होते. कागदाचे चारही कोपरे तो रिकामे सोडतो, म्हणून सारी आकृती लंबगोलात बसते. पुढे १९१५ मध्ये यावरून त्याने काळ्या-पांढऱ्यात एक तैलचित्र केले. त्यात धक्का नाही, पाणी नाही, बेरीज-वजाबाकीच्या खुणांसारख्या रेघांचीच पेरणी आहे. पण खाली मध्यभागी उभ्या रेघा अद्याप थोड्या दाट आहेत. धक्क्याचे नाव गेले, त्याची जागा राहिली.

म्हातारपणी न्यूयॉर्कला गेल्यावर तर त्याने खर्डा आणि पक्के चित्र यांतील भिंतच काढून टाकली. रंगीत चिकटपट्ट्या थेट कापडावर चिकटवायच्या, पाहायचे, सोलून दुसरीकडे लावायच्या. १ फेब्रुवारी १९४४ रोजी तो वारला तेव्हा त्याचे शेवटचे चित्र अशाच पट्ट्यांच्या तुकड्यांसह अपुरे राहिले, आणि ते तसेच जतन केलेले आहे. अशाच पट्ट्यांचे १९४१ चे दुसरे एक चित्र जर्मनीत डुसेलडॉर्फच्या संग्रहालयात आहे. २०२२ साली तेथील एका अभ्यासिकेने दाखवून दिले की, हे चित्र बहुधा पंचाहत्तरहून अधिक वर्षे उलटे टांगले गेले आहे. माँड्रिआनच्या खोलीच्या एका जुन्या छायाचित्रात ते दुसऱ्या बाजूने उभे दिसते. चित्र मात्र त्यांनी सुलटे केले नाही. जुन्या पट्ट्या सुटतील ही भीती. तेव्हा आमच्या कोजागरीच्या आजोबांचा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे. परंतु कळले कशावरून तेही पाहावे: काम चालू असतानाच्या एका पुराव्यावरून.

आणखी एकच विदेशी उदाहरण देतो, कारण ते आमच्या मनात असलेला एक समज पार उलथून टाकते. फ्रान्झ क्लाइन हा अमेरिकन चित्रकार १९६२ मध्ये वारला. पांढऱ्यावर काळ्या रंगाचे भलेमोठे फटकारे ही त्याची ओळख. घरे रंगविण्याच्या रुंद ब्रशाने, श्वास रोखून, एका झटक्यात मारलेले असावेत असे ते दिसतात. आम्हीही कित्येक वर्षे तसेच समजत होतो. पुढे वाचनात आले की, हा मनुष्य टेलिफोनच्या डिरेक्टरीची पाने फाडून त्यांवर ब्रशाने लहान लहान रेखाटने करी, डझनांनी करी, त्यांतील एखादे निवडी, आणि मग ते मोठ्या कापडावर बऱ्याच काटेकोरपणे उतरवी. त्याच्या मित्रमंडळींत अशी हकिगत सांगितली जाई की, १९४८-४९ च्या सुमारास एका स्नेह्याच्या खोलीवर चित्र मोठे करून भिंतीवर पाडणारे यंत्र होते. त्यात क्लाइनने आपले आरामखुर्चीचे तळहाताएवढे रेखाटन ठेवले, आणि भिंतीवर खुर्ची नाहीशी होऊन नुसत्या काळ्या रेघा उभ्या राहिल्या. हकिगत थोडी मीठमसाल्याची असेल. डिरेक्टरीची पाने मात्र आहेत, ती संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत, आणि त्यांतील फटकाऱ्याच्या कडेचा एखादा शिंतोडासुद्धा मोठ्या चित्रात जाणूनबुजून आणलेला सापडतो. घाईचा देखावाही सावकाशीने रचता येतो तर!

आपल्या वडोदऱ्यालाही या विषयात थोडा हक्क सांगता येतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललित कला विभाग निघाला. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तेथे १९६६ पर्यंत होते, हे जुन्या सभासदांस ठाऊक आहेच. त्याच विभागात १९७२ पासून १९९० मध्ये मृत्यू येईपर्यंत नसरीन मोहमदी यांनी शिकविले. शाई आणि पेन्सिल, मोजपट्टी आणि आरेखकाची हत्यारे, एवढ्यांवर त्यांची कला उभी होती. कागदावर केसाएवढ्या बारीक रेषा, आणि बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीख नाही. त्यांनी काढलेली छायाचित्रे त्यांच्या हयातीत कधी प्रदर्शनात मांडली गेली नाहीत. मागून ती पुढे आली, तेव्हा मागावर ताणलेले सूत, रस्त्यावर रंगविलेले पट्टे, फत्तेपूर सिक्रीतील दगडी फरशा व पायऱ्या असे त्यांत दिसले. ही छायाचित्रे म्हणजे कच्ची चित्रे असे म्हणणे चुकीचे होईल. कोणत्याही एका छायाचित्रावरून कोणतेही एक चित्र केलेले नाही. पण दृष्टी कोठे जाऊन थांबत होती एवढे त्यांवरून निश्चित कळते. रोजनिशीच्या पानांवरही त्यांनी मजकुराच्या ओळी शाईने भरून काढून पट्टे केलेले आहेत. रोजनिशी म्हणावी की चित्र, हे सांगता येऊ नये असे ते कागद आहेत.

आता गुरुजींच्या वह्या.

साध्या दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या. पहिलीत अर्ध्याहून अधिक पानांवर घरगुती हिशेब, दूधवाल्याचे खाडे, एका विद्यार्थ्याच्या फीची नोंद. मध्येच, मागील बाजूने, सूरसागर तलाव. कठड्याचे दगड, पाण्यावरची पडछाया, समोरच्या इमारती, आणि काठाशी एक हातगाडी, तिच्यावर पेटलेली बत्ती. रेखाटन नेटके आहे. शाळेत मुलांना शिकवायचे तसेच. अशी तीन-चार पाने. मग इमारती गेलेल्या. मग पाणी, कठडा आणि कठड्याची पडछाया असे तीनच पट्टे. बत्ती मात्र पानोपानी आहे. एका पानावर ती मध्यभागी, एकावर डावीकडे, एकावर दोन बत्त्या काढून एक खोडलेली. आम्ही मोजली: दोन वह्यांत मिळून ती सव्वीस ठिकाणी आहे. प्रत्येक वेळी थोडी उजवीकडे सरकते असे म्हणता आले असते तर लेख छान झाला असता. पण ती पुढे जाते, मागे येते, दोनदा तर अजिबात नाहीशी होते. दुसऱ्या वहीच्या अखेरीस ती एकदम कडेला गेली आहे आणि शेजारी पेन्सिलीने लिहिले आहे, "इथे. याहून आत नको."

खालचा पट्टा टोकाशी का तुटला आहे याचाही मागमूस एका पानावर लागतो. तेथे कठडा अखंड आहे आणि त्यावर फुलीची खूण. पुढच्या पानावर तोच पट्टा तुटलेला, आणि त्या फटीतून राखी रंग खाली उतरलेला. कारण लिहिलेले नाही.

वह्या आम्ही आजोबांना दाखविल्या. चष्मा पुसून त्यांनी पाने दोनदा चाळली. "म्हणजे हे सूरसागर," ते म्हणाले. आम्ही म्हटले, तसे नव्हे. सूरसागरच काढायचे असते तर पहिल्या पानावर ते काढून झालेलेच होते. यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले की, दोन पानांवर दिवा नाही तो का. आम्हांला सांगता आले नाही. ती दोन पाने त्यांनी पुन्हा काढून, चित्राचे तोंड भिंतीकडून वळवून, शेजारी धरून पाहिली. चित्र त्यांस आवडले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनीही म्हटले नाही.

वह्यांच्या पुठ्ठ्यांना वाळवी लागू लागली होती. सूनबाईंच्या संमतीने त्या आता कचेरीतील लोखंडी कपाटात, मलमलीत बांधून ठेवल्या आहेत. चित्राचा विषय कार्यकारी मंडळाच्या पुढील बैठकीत कलम सहा म्हणून येणार आहे. वह्या टेबलावर ठेवण्याची परवानगी अध्यक्षांनी दिली आहे. ज्या सभासदांस त्या आधी पाहावयाच्या असतील त्यांनी सायंकाळी कचेरीच्या वेळेत, हात कोरडे करून, यावे.